अर्थ भेटंना

फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेदोन.
"ताई, रॅकला हात लावला की मुंग्या यायल्यात.
आन् लाईटं मिचकायलेत."
तेजाबाई. बियाण्याच्या कंपनीत
रात्रपाळीला ती एकटीच.
म्हटलं, आधी पायात चप्पल घाल, रबरी,
आणि कशाला हात लावू नको. मी निघाले.

जालन्याच्या एमआयडीसीत त्या वेळी
फक्त रोलिंग मिल जागी.
भट्टी भरली की सगळ्या लाइनीचा जीव
खाली जातो, मग वर येतो.
मिचकण्याचं कारण मला स्कूटीवरच कळलं होतं.
मुंग्यांचं नव्हतं.

उगवण-खोली. बाहेर बत्तीस, आत पंचवीस.
गुलाबी-जांभळ्या उजेडात
तेजाबाईची हिरवी साडी काळी दिसते,
दात निळे.
सहा रॅक, रॅकला पाच फळ्या,
फळीवर ओल्या कागदात शंभर-शंभर दाणे,
वांगं, भेंडी, मिरची.
ज्यांची मान बाहेर आली त्यांची
वर पट्टीकडे वळलेली.
त्यांच्या हिशेबानं दिवस उजाडलेलाच आहे.

टेस्टर लावला. निऑन पेटला, पण कसा,
आजारी माणसानं पडल्या पडल्या
"हूं" म्हणावं तसा.
मीटर म्हणालं, एकशे आठ.
धड फेज नाही, धड काहीच नाही,
मधेच लोंबकळलेलं.
आमच्या धंद्यात याला म्हणतात,
अर्थ भेटंना.

आयटीआयला खाजामियाँ सर सांगायचे,
"करंट चोर नसतो पोरी, पाहुणा असतो.
घरी जायची वाट दिसली
तर तुझ्या अंगावरून कशाला जाईल?"
हिरवी वायर धरून मी बाहेर गेले,
भिंतीतून, नालीच्या काठानं,
चौकोनी झाकणापर्यंत.

झाकण उचललं. बॅटरी मारली.
कोळसा, मीठ, मधोमध पाइप.
सगळं ठणठणीत कोरडं.
मिठाचा दगड झालेला,
कोपऱ्यात गोमेची वाळलेली कात.

"हिला पाणी कोण घालतं?"
"हिला बी घालायचं असतं?"

आत दर अर्ध्या तासाला फवारा मारणारी बाई,
ओशाळली.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
मलाही, तीन वर्षांत, कुणी विचारलं नव्हतं.

टँकर गुरुवारी. टाकी तळाला.
पण एसीच्या पाइपाखाली थेंब थेंब साचलेली
दीड बादली होती.
तीच ओतली, हळूहळू.
पाणी वर थांबलंच नाही.
खालून नुसता बारीक आवाज येत राहिला,
तव्यावर शिंतोडा पडल्यासारखा.

मीटर : शून्य.
रॅकला हात लावला. नुसतं लोखंड.
तेजाबाई हसली, आणि
खट्.
ईएलसीबी पडला. सगळी खोली काळी.

"बिघडवलंस की ताई!"
नाही गं. आता ते बोलायला लागलं.
इतके दिवस दुखत होतं,
सांगायला तोंड नव्हतं.

सगळे बंद केले, मग एकेक चालू.
पहिला. दुसरा. तिसरा.
चौथ्याला खट्.
ड्रायव्हरच्या मागं पत्र्याची धार
वायरीत रुतलेली,
जखमेवर पट्टी. टेप नाही,
बोट कापलं की लावतात ती, औषधाची,
फवाऱ्यानं भिजून पांढरी पडलेली.
मी तेजाबाईकडं पाहिलं.
तिनं वांग्यांकडं पाहिलं.
"दिवाळीत लावली होती. तांबं दिसायलं होतं."

मी ओरडले. जोरात ओरडले,
कारण एकशे आठ आणि तेजाबाई
यांच्यामध्ये सात महिने
एक रबरी चप्पल होती फक्त.
मग मेन पाडलं, ती वायर काढून नवी ओढली,
पत्र्याच्या भोकात रबराची कडी बसवली.

चार वाजून दहा मिनिटांनी परत जांभळं झालं.
टायमर मागं पडला होता, तो लावला.
मिलची भट्टी भरली असावी,
पट्ट्या एकदा मिचकल्या.
त्याला स्टॅबिलायझर लागेल, साहेबांना सांग.
सांगते म्हणाली. सांगेल.

रजिस्टरात तिनं लिहिलं :
अंधार, पस्तीस मिनिटं.
मग पाण्याच्या तक्त्यात
सहा रॅकच्या खाली पट्टीनं
सातवी ओळ आखली : खड्डा.
पाणी, दीड बादली.
उगवणीच्या रकान्यापाशी पेन अडलं.
"इथं काय टाकू?"
मीटरचा आकडा टाक म्हटलं, रोज बघून.
तिनं शून्य काढलं,
जरा वेळ त्याच्याकडं बघत बसली.
"शून्यच पाहिजे ना?"
हो, म्हटलं. हिचं शून्यच पाहिजे.